तळटीप ७ : ‘छातीत घास अडणे’
७. वैद्यकात ‘अकॅलेशिया’ या नावाने परिचित असलेला अन्ननलिकेचा विकार येथे अभिप्रेत आहे. नलिकेच्या भित्तीतील मज्जापेशी नष्ट झाल्याने, गिळताना जठराच्या मुखाशी असलेला वलयाकार स्नायू शिथिल होत नाही. परिणामी अन्नच नव्हे, तर पाणीही वर तुंबते, नलिका फुगते, निजल्यावर ते घशाशी परत येते आणि रोगी कृश होत जातो. हा कर्करोग नव्हे, की मनाचा भ्रमही नव्हे. आवळलेला स्नायू छेदून मार्ग मोकळा करण्याची शस्त्रक्रिया जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ साली प्रथम केली. मजकुरातील ‘मिरजेचा दवाखाना’ म्हणजे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये स्थापिलेले मिशन रुग्णालय, जेथे आसपासच्या संस्थानी मुलखातून रोगी इलाजासाठी येत.