परराज्यातून मुंबईत परतल्यावर बांधकामाचं काम कसं मिळतं?

गोव्यात, सुरतेत किंवा हैदराबादेत काही वर्षं काम करून मुंबईत परतलेल्या गवंड्याला किंवा बिगाऱ्याला खासगी बांधकामावर उभं राहायला अधिवासाचा दाखला लागत नाही. अडतं ते ओळखीपाशी. जुना मुकादम दुसऱ्या साइटवर गेलेला असतो, आणि नव्याच्या वहीत नाव नसतं.

1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि लालबाग-परळमध्ये त्यांच्या जागांवर टॉवर आले. आता कामाचा मोठा भाग पुनर्विकासाचा आहे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचं काम म्हाडाकडे आहे. गिरगाव, दादरमध्ये जुन्या उपकरप्राप्त इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत. अशा मोठ्या साइटवर गेटवर जाऊन सहसा भागत नाही. कंपनी काम पोटठेकेदाराला देते, तो आपली टोळी घेऊन येतो. त्यामुळे भेटायचं त्याला किंवा त्याच्या मुकादमाला. आधार, बँक खातं आणि पीएफ कापला जात असेल तर जुना यूएएन सोबत हवा. यूएएन राज्य बदललं तरी तोच राहतो. नवा काढला तर जुने पैसे वेगळे पडतात.

चाळींची दुरुस्ती, लादी, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग ही कामं मात्र नाक्यावरून आणि मिस्त्रीच्या ओळखीनं मिळतात. परतलेल्या मुंबईकराला खरं तर इथेच लवकर शिरकाव होतो. त्याला गल्ल्या माहीत असतात, सोसायटीच्या सेक्रेटरीशी मराठीत बोलता येतं. नाक्यावर सकाळी लवकर पोचावं लागतं, आणि रोज, खर्ची व हिशेब कधी मिळणार हे हातात थापी घेण्याआधीच ठरवलेलं बरं. पावसाळ्यात खोदकाम आणि बाहेरचं प्लास्टर मंदावतं. उलट होळी आणि छठच्या सुमारास उत्तरेकडचे कामगार गावी जातात, तेव्हा ठेकेदारांना माणसं हवी असतात.

काम मिळालं की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी करावी. बहुतेक जण हीच लांबणीवर टाकतात. दुसऱ्या राज्याच्या मंडळाचं कार्ड असलं, तरी महाराष्ट्राच्या मंडळाकडे वेगळी नोंदणी लागते. वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामाचं काम, या मुख्य अटी. ही नव्वदी 1996च्या कायद्यात आली तेव्हा ते दिवस कोणत्या राज्यातले हवेत, असं त्यात म्हटलेलं नव्हतं. म्हणून निघण्याआधीच तिथल्या ठेकेदाराकडून सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्यावं. परत आल्यावर फोनवरून ते मिळवणं फार कठीण जातं.

नोंदणीचा खरा उपयोग वाईट दिवशी कळतो. कामावर मृत्यू झाल्यास मंडळाच्या योजनेत वारसाला 5 लाख रुपये मिळतात, पण नोंदणी चालू असेल तरच. दरवर्षीचं नूतनीकरण चुकलं की हक्क अडकतो.

ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मुख्य मालकावर जबाबदारी टाकणारी तरतूद 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करता येते. तिथे हजेरीची स्वतःची नोंद कामी येते. तारीख आणि साइटचं नाव लिहिलेली साधी डायरीही चालते.