शब्दकोडे अडले तर काय करावे?

उत्तर अगदी जिभेवर असते, पण आठवत नाही. वय वाढते तसे हे अधिक होते. ते स्वाभाविक आहे. अशा वेळी एखादा चुकीचाच शब्द पुन्हा पुन्हा मनात येतो. जोर लावू नका, खात्रीचे उभे-आडवे शब्द आधी भरा (पेन्सिलनेच!). पहिले अक्षर मिळाले की शब्द बहुधा सुटतो. मराठी कोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसह अख्खे अक्षर येते, त्यामुळे तेवढा धागाही पुरतो. तरीही अडले तर कोडे तासभर बाजूला ठेवा.

कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतोच, असे सिद्ध झालेले नाही. रोजच्या वस्तूंची नावे, ओळखीचा रस्ता किंवा पैशांचा हिशेब चुकू लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. कोडी चांगली सुटत असली तरीही.