ग्रंथपालांचे शिक्षण आणि कारंजाची भांडारे

श्रुतपंचमीस शास्त्रांची वेष्टने उघडून ती स्वच्छ करून पुन्हा बांधणे, ही आपल्या मंदिरांची जुनी परंपरा. त्यामुळे ग्रंथ टिकले. परंतु भांडारात काय आहे, हे अभ्यासकास कळण्याची सोय नव्हती. ग्रंथसूची करणे ही शिकण्याची विद्या आहे, हे हिंदुस्थानात प्रथम ओळखले बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांस पाचारण करून त्यांनी १९११ साली ग्रंथपालांचा पहिला वर्ग उघडला. खुद्द अमेरिकेतही ड्यूई यांची अशी पहिली शाळा १८८७ सालची! पुढे बडोद्याच्याच मध्यवर्ती ग्रंथालयातील चिमणलाल दलाल यांनी पाटण व जेसलमेरची जैन भांडारे तपासून सूची तयार केल्या.

विदर्भात हे कार्य रायबहादूर हिरालाल यांनी केले. ते पेशाने ग्रंथपाल नव्हते, सरकारी अधिकारी होते. मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची त्यांची सूची १९२६ साली नागपुरास प्रसिद्ध झाली आणि कारंजाच्या मंदिरांतील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष गेले. त्यांपैकी पुष्पदंतकृत ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली अमरावतीचे प्रा. हिरालाल जैन यांनी संपादिले. (हे हिरालाल निराळे.) नागपूर विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण सुरू झाले, ते यानंतर पुष्कळ वर्षांनी.