उभ्या अवजड वाहनांचे इंजिन-निर्बंध

मालमोटार वा बस उभी असताना तिचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास मुदतीची मर्यादा घालणारे, बहुधा नगरपालिकांनी किंवा प्रांतिक शासनांनी केलेले नियम. डिझेल इंजिन बिनभाराने मंद चालत असता ज्वलनाचे तपमान उतरते, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे नष्ट करण्यासाठी धुराड्याच्या मार्गात बसविलेला उत्प्रेरक पुरेशा उष्णतेच्या अभावी निष्प्रभ होतो. सबब चालत्या गाडीचा धूर ज्या योजनेने शुद्ध व्हावयाचा, ती गाडी उभी राहताच लंगडी पडते. मोठी मालमोटार अशा स्थितीत तासाला सुमारे ३ लिटर डिझेल जाळते. तथापि चालक हे केवळ आळसापोटी करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल: लांब पल्ल्याच्या गाडीत चालकाचा बिछाना त्याच्या आसनामागेच असतो, आणि कडाक्याच्या थंडीत वा उन्हाळ्यात त्या कोठडीला ऊब किंवा गारवा इंजिनाकडूनच मिळतो.

न्यूयॉर्क शहरात हा निर्बंध १९७१ पासून असून सर्वसाधारण मुदत ३ मिनिटांची, शाळेलगत १ मिनिटाची आहे. रुग्णवाहिका, बंब आणि ज्यांच्या इंजिनावर माल चढविण्या-उतरविण्याचे यंत्र चालते अशा गाड्यांना सूट आहे. परंतु घड्याळ हाती घेऊन प्रत्येक गाडीपाशी उभा राहील एवढा नोकरवर्ग कोणत्या नगरपालिकेपाशी असणार? म्हणून २०१८ मध्ये असा कायदा झाला की, चित्रफितीच्या पुराव्यानिशी फिर्याद देणाऱ्या नागरिकास वसूल दंडाचा चौथा हिस्सा मिळावा. ३५० डॉलर दंडावर ही रक्कम साडेसत्त्याऐंशी डॉलर होते. चित्रफीत मुदतीहून अधिक वेळ अखंड चाललेली असावी लागते, आणि तीत इंजिनाची घरघर ऐकू यावी व गाडीचा क्रमांक दिसावा लागतो. खबऱ्यास इनाम देण्याची ही जुनीच तऱ्हा; तिने तक्रारी हजारोंनी वाढल्या, तशा चालक व फिर्यादी यांच्यातील बाचाबाचीही वाढल्या.

कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये सुमारे साडेचार टनांवरील डिझेल व्यापारी वाहनांस ५ मिनिटांची मर्यादा घातली, झोपण्याची सोय असलेल्या गाड्यांची सवलत २००८ मध्ये काढून घेतली, आणि त्या सालापासूनच्या नव्या इंजिनांत ५ मिनिटांनी आपोआप बंद पडण्याची योजना आवश्यक ठरविली; अत्यल्प ऑक्साइडे सोडणाऱ्या इंजिनांना मात्र तीतून मोकळीक ठेवली.

त्याच राज्याचा बंदरांविषयीचा २००२ चा कायदा आमच्या मते अधिक विचारी होता. धक्क्याच्या फाटकाबाहेर ३० मिनिटांहून अधिक खोळंबलेल्या मालमोटारीमागे २५० डॉलर दंड त्याने चालकावर न बसविता, रांग ज्याच्या कारभारामुळे लागली त्या धक्काचालकावर बसविला. दुर्दैवाने, आगाऊ वेळ नेमून देण्याची पद्धत ठेवणाऱ्या अथवा फाटक अधिक तास उघडे ठेवणाऱ्या धक्क्यांना त्यातून सूट होती. लॉस एंजेलिस व लाँग बीच येथील अनेक धक्काचालकांनी वेळा नेमल्या, दंड चुकविला, आणि पुढे झालेल्या अभ्यासात रांगा घटल्याचा पुरावा आढळला नाही.