अंगणवाडी सेविका आणि ग्रामीण बालकांचे कुपोषण

एकात्मिक बालविकास सेवा योजनेला २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांतून प्रारंभ झाला. गावोगावच्या अंगणवाडी सेविका हा या योजनेचा कणा होय. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना केंद्रात गरम आहार मिळतो. त्यात ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असावीत, असे पूर्वी प्रमाण होते. त्याहून लहान बालकांचा शिधा घरी दिला जातो आणि गरीब घरात तो साऱ्यांच्याच ताटात वाटला जातो. म्हणूनच सेविकेच्या गृहभेटीला महत्त्व आहे. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरहून कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते. बालक आजारीही असेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. मात्र मजुरी बुडवून तेथे राहण्यास आईला राजी करणे, हे काम सेविकेच्याच वाट्याला येते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भागातील पाच वर्षांखालील ३७.३ टक्के बालकांची वाढ खुंटलेली आढळली.

सेविका सरकारदरबारी मानसेवी गणली जाते. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.