जुनी गाडी घेताना : कागद पाहा, पत्राही पाहा

अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात विक्रीला निघणाऱ्या मोटारींमध्ये एक प्रकार हमखास आढळतो. मालक मुंबईचा, गाडी इथल्या बंगल्यासाठी ठेवलेली आणि वापर शनिवार-रविवारपुरता. सात-आठ वर्षांत जेमतेम वीस-पंचवीस हजार किलोमीटर धावलेली. रंगाची चकाकी शाबूत, सीटची आवरणेही नवी. घबाड हाती लागले, असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात ही गाडी वर्षातले बहुतेक दिवस समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, सुरूच्या झाडांखाली, खारट आणि दमट हवेत उभी असते. पुण्या-नाशिककडे लाखभर किलोमीटर धावलेली, पण कोरड्या हवेत राहिलेली गाडी तिच्यापेक्षा सुदृढ निघणे अशक्य नाही.

म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर जुनी मोटार घेताना 'किती धावली' याच्या आधी 'कुठे उभी होती' हा प्रश्न विचारावा लागतो. या प्रश्नाचे निम्मे उत्तर कागदांत असते आणि निम्मे पत्र्यात. बहुतेक ग्राहक यांपैकी एकच वाचतात.

तळ पाहिल्याशिवाय सौदा नको

मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि मिठाच्या ओलीत लोखंड साध्या पाण्यापेक्षा वेगाने गंजते. हा गंज बाहेरून दिसू लागतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. दारांच्या खालच्या कडांना पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. सुरूच्या सुयांसारख्या काड्या, वाळू आणि धूळ यांनी ती बुजली, की पाणी आतच साचते. पुढच्या काचेखालच्या जाळीतही हाच कचरा अडकतो. दाराची खालची कड बोटाने दाबून पाहावी. पत्रा करकरला किंवा रंगाला फुगवटा आलेला दिसला, तर खाली गंज आहे असे समजावे. चुंबक सोबत असल्यास उत्तम, कारण तो पुट्टी भरलेल्या जागी नीट चिकटत नाही. अलीकडच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे असतात, त्यामुळे ही परीक्षा पत्र्यावरच करावी.

गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवून तळ पाहणे हा या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास होय. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले असते त्या जागा, सायलेन्सरचे सांधे, जॅक लावण्याच्या कडा आणि फ्लोअरचा पत्रा बारकाईने पाहावा. सायलेन्सर बदलता येतो. सस्पेन्शनच्या मुळाशी पत्रा खाल्लेला असेल, तर ती गाडी किंमत निम्मी केली तरी घेऊ नये. तळाला नुकताच दिलेला काळा कुळकुळीत लेप पाहून अनेकजण खूश होतात. वास्तविक त्याच वेळी सावध व्हायला हवे. लेप जुना असेल तर ती काळजी आणि विक्रीच्या आठवड्यातला असेल तर ती झाकपाक.

किनाऱ्यावर गाडी नेण्याची हौस हा आणखी एक धोका आहे. नागाव, काशीदसारख्या ठिकाणी वाळूत रुतलेली आणि भरतीच्या पाण्याने वेढलेली मोटार हे दृश्य नवे नाही. अशी गाडी ओढून काढल्यावर वरून धुतली जाते, पण चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि विजेच्या जोडण्यांत शिरलेले खारे पाणी काही महिन्यांनी आपले काम दाखवते. मागच्या सीटखाली आणि स्टेपनीच्या खळग्यात बारीक वाळू सापडली, तर मालकाला सरळ विचारावे.

पुरातून आलेली गाडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पाण्यात बुडालेल्या असंख्य मोटारी पुढे दुरुस्त होऊन बाजारात आल्या. ते प्रकरण आता इतिहासजमा झाले असले, तरी २२ जुलै २०२१ चा महाडचा महापूर तसा नाही. सावित्रीच्या पाण्याने शहराची बाजारपेठ बुडाली, त्याच दिवशी शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणही पाण्याखाली गेले. त्या काळात रस्त्यावर असलेल्या मोटारी आजही जुन्या बाजाराच्या ऐन वयात आहेत.

पुरात सापडलेल्या गाडीचा पुढचा प्रवास साधारण ठरलेला असतो. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते. मालकाला भरपाई मिळते आणि गाडीचा सांगाडा लिलावात जातो. यात बेकायदा काहीच नाही. अडचण पुढे येते. लिलावातून घेतलेली गाडी स्वस्तात उभी केली जाते आणि जिथे तिची कथा कोणाला ठाऊक नाही अशा दुसऱ्या गावात विकली जाते. महाडची गाडी महाडात सहसा विकली जात नाही.

अशी गाडी ओळखण्याचे सोपे ठिकाण म्हणजे सीट बेल्ट. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. कितीही धुतली तरी गुंडाळलेल्या भागात गाळाची रेघ राहते. मग सीट ज्या रुळांवर सरकते त्यांचे स्क्रू, डॅशबोर्डखालच्या तारांची टोके, हेडलाइटच्या आतील बाष्प आणि गालिच्याखालचा नमदा पाहावा. तारांच्या जोडण्यांवर हिरवट थर असेल तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. गाडीत सुगंधी फवाऱ्याचा अतिरेकी वास येत असेल, तर काचा बंद करून वातानुकूलन यंत्र दहा मिनिटे चालवावे. कुबट वास तेवढ्या वेळात वर येतो. गाडी सुरू करताच एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. तो लागलाच नाही, तर बल्ब काढून टाकलेला असण्याची शक्यता धरावी.

विम्याची जुनी पॉलिसी हाही एक बोलका कागद आहे. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे 'नो क्लेम बोनस', पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षे दावा नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत जाते. एकाच मालकाकडे सहा-सात वर्षे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा आकडा शून्य असेल, तर दावा कधी आणि कशासाठी केला हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. खंड पडल्यानेही सवलत जाते, पण तसे असल्यास जुन्या पॉलिसी दाखवता येतात. ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. त्यामुळे ती गाडीसोबत मिळेल हे विक्रेत्याचे आश्वासन निरर्थक ठरते.

कागदांची उलटतपासणी

जिल्ह्यात दोन पासिंग दिसतात. पेणचे एमएच ०६ आणि पनवेलचे एमएच ४६. किनाऱ्यावर मुंबईच्या ०१, ०२, ०३ आणि ४७ क्रमांकांचीही गर्दी असते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर हे येणे-जाणे आणखी सोपे झाले. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालक बदलल्याने क्रमांक बदलत नाही. परराज्यातील गाडीला मात्र तिथल्या कार्यालयाचे फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि नवा क्रमांक लागतो. तेव्हा परराज्यातील स्वस्त गाडीची किंमत कर मिळवूनच मोजावी.

केंद्र सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर किंवा 'एम-परिवहन' अॅपवर क्रमांक टाकला, की नोंदणीची तारीख, वाहनाचा वर्ग, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते. ती नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावी. चॅसी आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत, विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. चोरीच्या वाहनांची पडताळणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर करता येते. थकलेले ई-चलन राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर वारंवार धावलेल्या गाडीवर वेगमर्यादेच्या दंडाची लांबलचक यादी निघाली तर नवल वाटू नये. ती रक्कम सौद्यापूर्वी भरून घ्यावी.

प्रमाणपत्रावर बँकेचा बोजा असेल, तर 'कर्ज कधीच फिटले' हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवलेला असला पाहिजे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवण्याची मोहीम राज्यात २०२५ मध्ये राबवण्यात आली. ही पाटी नसल्यास मालकी हस्तांतराचे काम अडू शकते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. चौदाव्या वर्षातली गाडी घेताना हा खर्च आणि पर्यावरण कर ध्यानात असावा.

मीटर मागे फिरवणे डिजिटल युगातही थांबलेले नाही. अधिकृत सेवा केंद्रांत प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. विक्रेत्याला सोबत घेऊन ती नोंद मागावी. टायरवरील चार अंकी खूणही उपयोगी पडते. तीत पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. 'वीस हजार' धावलेल्या सहा वर्षांच्या गाडीला गेल्या वर्षीचे चार टायर का लागले, याचे उत्तर मिळायला हवे. चाचणीसाठी गाडी थंड असताना सुरू करावी आणि अलिबागकरांनी ती कार्लेखिंडीपर्यंत न्यावी. सपाट रस्त्यावर गोड बोलणारे इंजिन चढावर खरे बोलते.

नावावर होईपर्यंत

व्यवहारातील सर्वांत मोठी जोखीम पैसे दिल्यानंतर सुरू होते आणि ती विक्रेत्यालाही चुकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका प्रकरणात याचा निर्वाळा दिला. २००७ मध्ये विकलेली मोटार पुढे आणखी काही हात फिरली, २००९ मध्ये तिचा अपघात झाला, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे होती. कायद्याच्या दृष्टीने नोंदणीकृत मालक हाच मालक, असे सांगत न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर लक्षात ठेवावे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची सूचना १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. गाडी ताब्यात घेताना तारीख, वेळ आणि मीटरवरील आकडा लिहिलेली ताबा पावती दोघांच्या सहीने करावी. त्या वेळेआधीचे चलन कोणाचे आणि नंतरचे कोणाचे, हा वाद तिथेच मिटतो. गाडी दलालामार्फत घेत असल्यास त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे का, हे पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना ते बंधनकारक आहे आणि मालकाने गाडी त्यांच्याकडे सोपवल्याची सूचना फॉर्म २९-सी वर दिली जाते.

विम्याबाबत गैरसमज बराच आहे. गाडी विकल्यावर त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण नव्या मालकाला आपोआप लागू होते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे मात्र होत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात गाडी घेणाऱ्याने तर हा अर्ज त्याच दिवशी करावा.

भावाच्या घासाघिशीत एक मुद्दा ग्राहकाच्या बाजूचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यापूर्वीच्या भावावर अडून बसलेल्या विक्रेत्याला नव्या गाडीचे आजचे दरपत्रक दाखवावे. इसाराची रक्कम लहान ठेवावी आणि पावतीवर 'बोजा किंवा चलन आढळल्यास इसार परत' असे लिहून घ्यावे. उरलेली रक्कम बँकेमार्फतच द्यावी. त्यातला एक हिस्सा नव्या नावाचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत राखून ठेवण्यास अनेक विक्रेते तयार होतात, मात्र हे आधी बोलून घ्यावे लागते. जुन्या मालकाचा फास्टॅग काचेवरून काढून घ्यावा, अन्यथा अटल सेतूचा टोल त्याच्या खात्यातून जातो आणि दुसऱ्याच दिवशी दूरध्वनी येतो.