दारातली पारख

उमेदवाराकडून आधी काम करून घ्यावयाचे आणि नोकरी मात्र मागाहून ठरवावयाची, ही रीत आजच्या कचेऱ्यांनी काढली असे तरुण मंडळी समजतात. मुलाखतीस गेलेल्या मुलाला चार दिवसांचे काम 'पारख' म्हणून घरी देतात. तो ते करून पाठवितो, पुढे निरोपही येत नाही. गिरणगावात वाढलेल्या आम्हांला यात नवे काही दिसत नाही.

कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी १८५४ साली काढली, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे गिरणीतील भरती जॉबरच्या हाती होती. त्याची दस्तुरी चुकवल्यावाचून दार उघडत नसे. व्हिटली कमिशनच्या १९३१ च्या अहवालातही ही लाचखोरी नमूद आहे. पण दस्तुरीची चर्चा पुष्कळ झाली. फुकट श्रमाची फारशी झाली नाही.

साळखात्यात शिकाऊ पोरगा गाववाल्याच्या साच्यावर उभा राही. तुटलेला धागा सांधी, धोट्यातली कांडी बदली, हात बसला की साचा एकटा चालवी. विणकराचा पगार उक्ता, कापडाच्या मापावर. त्यामुळे पोराने विणलेले कापड विणकराच्या नावे मोजले जाई, मालकाच्या नावे विकले जाई, आणि हजेरीपुस्तकात पोराचे नावही नसे. आमचे वडील असे सहा महिने उभे होते. साचा त्यांच्या सख्ख्या मामांचा. मामांनी खाणावळीचे पैसे भरले, हे वडील आवर्जून सांगत. मालकाने काय भरले, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. खरे सांगायचे तर आम्हांलाही तो उशिराच पडला.

१९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रणाची योजना आली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक बदल्यांना कार्डे मिळू लागली आणि रोज सकाळी हजर राहणाऱ्या कार्डवाल्यासच बदलीचे काम देण्याचे ठरले. जॉबरच्या मर्जीला थोडा लगाम बसला. तरी काम न मिळता परत गेलेल्याची सकाळ फुकटच गेली. १९५३ साली ले-ऑफची भरपाई कायद्यात आली, तीतूनही वर्षभर सलग नोकरी न झालेला बदली वगळला गेला.

१९८२ हे साल गिरणगाव संपाचे म्हणून ओळखतो. त्याच साली सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले की, किमान वेतनाहून कमी दामात करून घेतलेले काम ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच होय. पोटाची नड हीसुद्धा सक्ती आहे. तो निकाल मुलाखतीचा नव्हे, हे आम्ही जाणतो. आणि तासाभराची परीक्षा घेऊ नये, असेही आमचे म्हणणे नाही. परीक्षेची उत्तरपत्रिका कोणी विकत नाही, एवढाच आमचा मुद्दा आहे.

गेल्या महिन्यात एक मुलगा युनियनच्या कचेरीत आला. मुलाखतीसाठी त्याने काढून दिलेले जाहिरातीचे चित्र त्याला दादरच्या बसथांब्यावर लावलेले दिसले. नोकरी मिळाली नव्हती. पुरावा काय, असे आम्ही विचारले. त्याच्यापाशी तारखा होत्या, तास लिहिलेले नव्हते. ते लिहून आणावयास आम्ही त्याला सांगितले आहे.